लाइट-पाणी धरून

"काल भावाकडे गेला होतात का हो?" मालकीणबाईंनी विचारलं. ती जिना उतरून खालच्या बोळातून बाहेर पडत होती. खांद्याला पर्स, हातात डबा, सोमवारची घाई. मालकीणबाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या, टाचण्या ओठांत धरून, त्यामुळे प्रश्न तोंडाच्या एका कोपऱ्यातून आला. "नाही. घरीच होते," ती म्हणाली. मालकीणबाईंनी टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "अगंबाई! दिवसभर? मग केलंत तरी काय? ठिपका कसा अगदी मरगळला होता. मी म्हटलं, ताई काही वर नाहीत आज." आणि त्या हसल्या. हसण्यात वाकडं काही नव्हतं. तीही हसली, "झोपले होते" म्हणाली आणि रस्त्यावर आली. रस्त्यावर आल्यावर मात्र आपण नेहमीपेक्षा भरभर चालतोय, कोणाच्या तरी नजरेतून निसटायचं असल्यासारखं, हे तिच्या ध्यानात आलं.

ठिपका म्हणजे वरच्या मजल्याच्या मीटरवरचा लाल दिवा. बिल साऱ्या घराचं एकच येई आणि ते मालकीणबाई भरत. पण कधीकाळी वरचा मीटर वेगळा करून घेतलेला होता, तो तसाच राहिला होता, बोळाच्या भिंतीवर, शिवणयंत्राच्या बरोबर समोर. वर शेगडी किंवा गीझर लावला की ठिपका भरभर लुकलुके, सगळं बंद असलं की बराच वेळ थांबून एकदाच. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. ठरावीक वीज गेली की एक लुकलुक, इतकी साधी गोष्ट. पहिल्याच दिवशी तिनं ते जाता जाता पाहिलं होतं. पण त्या ठिपक्यासमोर एक बाई सकाळपासून दुसऱ्यांच्या कपड्यांना टीप घालत बसलेली असते, आणि टीप घालताना नजर मधूनमधून वर जातेच, हे दोन तुकडे तिनं कधी जोडले नव्हते. रविवारी ती खरोखरच पडून होती. आजारी नव्हती. उठून दिवा लावावा इतकंही मनात येत नव्हतं, एवढंच. खिडकीतून जेवढा उजेड आला तेवढ्यात ती पडून राहिली, तो गेल्यावर अंधारात पडून राहिली; मध्ये केव्हातरी पाव आणि गार दूध. कोणाला काही सांगायचं नाही, हाच त्या दिवसाचा एकमेव आराम होता. आणि आता तो अख्खा रविवार खाली बोळात उमटून गेला होता असं निघालं.

या खोल्या तिनं घेतल्या त्या एका वाक्यावर. "लाइट-पाणी धरून, ताई," दलाल म्हणाला होता. "एकदा भाडं दिलं की महिनाभर बघायलाच नको. हात सैल सोडून राहा." दोन खोल्या, उत्तरेची खिडकी, न्हाणीघराचं दार पावसाळ्यात फुगणारं, यापेक्षा बऱ्या जागा त्यानं दाखवल्या होत्या. पण हात सैल सोडून राहणं म्हणजे काय असतं ते तिला पाहायचं होतं. नवरा वाईट नव्हता. वेगळं झाल्यावर कोणी विचारलं की ती हेच सांगे, आणि ते खरंही होतं. तो फक्त तिच्या मागून घरभर दिवे मालवत चालायचा. रिकाम्या खोलीत दिवा राहिला असला तर दारात उभा राहून विचारायचा, "खुर्ची वाचतेय का पुस्तक?" पहिलं वर्षभर तिला या बोलण्याचं हसू यायचं. संध्याकाळी तो मीटरपाशी जाऊन यायचा, आणि चपला काढता काढता म्हणायचा, "आज जरा जास्तच." बस, एवढंच. पुढे काही नाही. मग ती भाजी चिरताना सबंध दिवस मागे फिरवून बघायची, की आपल्या हातून जास्त ते काय झालं? केस धुतले ते? चहा दुसऱ्यांदा गरम केला तो? भांडण म्हणावं असं काही त्या घरात झालंच नाही. ती एक दिवस थकली, आणि मग ते थकणं गेलं नाही.

राहायला आली त्या दिवशी मालकीणबाईंनी सरबत दिलं आणि आधीच्या भाडेकरूची गोष्ट सांगितली. "मासे पाळले होते हो मेल्यानं! काचेची एवढी मोठी पेटी. माशांना रात्रंदिवस दिवा, रात्रंदिवस बुडबुडे, आणि वर पाणी कोमट लागतं म्हणून त्यात हीटर. मी इथं खाली गार पाण्यानं तोंड धुतेय आणि वर मासे ऊन पाण्यात पोहताहेत!" दोघी मनापासून हसल्या होत्या. पण त्या रात्री अंघोळीचा गीझर लावताना तिचा हात बटणावर थबकला, आणि तेव्हापासून थबकतच राहिला. गेल्या हिवाळ्यात तिनं हीटर माळ्यावरून काढला नाही. दोन स्वेटर घातले, पायांत नवऱ्याचे राहून गेलेले लोकरीचे मोजे. मालकीणबाई कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. तेच अवघड होतं. नवऱ्याच्या घरी निदान कळायचं की आज इतकं जास्त झालं. इथं काय जास्त आणि काय पुरे हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून ती प्रत्येक गोष्ट कमी करत गेली, आणि कमी करायलाही हद्द नव्हती. मोजलेलं असलं की माणूस देऊन मोकळा होतो. ती मोकळी होण्यासाठी इथं आली होती आणि रोज थोडीथोडी आवळत चालली होती.

औषधांच्या कारखान्यात ती जिथं काम करी तो विभाग सर्वांत शांत. बाकीचे गोळ्या करत. तिच्या विभागात त्या टिकतात किती ते बघत. भिंतीला लागून कपाटाएवढाल्या पेट्या, प्रत्येकीत वेगळी उष्णता, वेगळा दमटपणा. गोळ्या आत ठेवायच्या, ठरल्या दिवशी काही काढायच्या, त्यांच्यातलं औषध किती उरलं ते तपासायचं. कडक उष्णतेत सहा महिन्यांत जे होईल त्यावरून साध्या कपाटातल्या दोन वर्षांचा अंदाज बांधता येतो. अंदाजाच्या खालच्या टोकाला धरून तारीख द्यायची, हातचं राखून. नव्या आलेल्या मुलींना ती हे शिकवी, आणि सांगे, की पेटीत वस्तू ठेवण्याआधी निष्कर्ष कसा काढणार ते ठरवा. नंतर ठरवलंत तर हवा तो निघतो. त्या दुपारी पेट्यांची घरघर ऐकत डबा खाताना दादाचा फोन आला.

"खाल्लंस का?" दादानं विचारलं, म्हणजे पुढे काही मागायचं होतं. "अगं, आईबद्दल बोलायचं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस. पण आता वहिनीला झेपत नाही. तिचं ती बोलत नाही, पण परवा दूध उतू गेलं आणि ही समोर उभी, नुसती बघत. मी म्हटलं, अगं गॅस! तर म्हणाली, हो का. तुझ्याकडे दोन खोल्या आहेत. आई काही कटकटीची नाही. फक्त ते मशीन. ते मात्र चोवीस तास लागतं, एवढंच." आईच्या श्वासाचं मशीन तिनं दादाकडे पाहिलं होतं: बाजूच्या टेबलाएवढं, चाकांवर उभं, खोलीतली हवा ओढून तिच्यातला ऑक्सिजन बारीक नळीनं आईच्या नाकाशी पोचवणारं. मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर आकडा होता: साडेतीनशे वॉट. तिला तेवढंच आठवत राहिलं. आईचा चेहरा नाही, आकडा. "तुझ्याकडे तर लाइट भाड्यातच आहे ना?" दादा म्हणाला. "मग तर सोयच झाली." "विचारावं लागेल," ती म्हणाली. "त्यात काय विचारायचं? तुझी जागा आहे, तू भाडं देतेस." "विचारते," ती पुन्हा म्हणाली.

विचारणं एवढंच करायचं होतं. जिना उतरायचा, आणि माझी आई येतेय, तिचं असंअसं मशीन आहे, एवढं सांगायचं. संध्याकाळी ती बोळातून वर गेली तेव्हा मालकीणबाई एका पँटची लांबी कमी करत होत्या. "आलात?" त्या म्हणाल्या, "आले," ती म्हणाली, आणि वर येऊन पलंगावर बसली. न विचारताच त्यांचं उत्तर कळलं तर? आई इथं आणायची, आणि चार दिवसांनी खालून एक वाक्य आलं, साधंच, हसत आलेलं, की ठिपका कसा नुसता धावतोय हो हल्ली, तर मग आई कुठं जाणार? आधी बघायला हवं. हा विचार तिला इतका रास्त वाटला की ती उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरचा हीटर काढला. दोन कांड्यांचा जुना हीटर. एक कांडी चारशेची, मशीनच्या जवळपास. पडद्यापासून लांब, उघड्या फरशीवर तिनं तो ठेवला आणि एका कांडीवर लावला. त्या बोलतात का, ते पाहायचं. नाही बोलल्या तर आईला आणायला हरकत नाही. बोलल्या तर काय, ते मात्र तिनं ठरवलं नाही.

खोली हळूहळू उबदार होत गेली. आधी पायांना कळलं, मग गुडघ्यांना. तिनं वरचा स्वेटर काढला, थोड्या वेळानं आतला. भिंत हाताला गार लागेना. ती बराच वेळ काही न करता बसली, आणि तिला आठवली शाळेची सकाळ, अंधारलेली, आई फरशीवर घोंगडी अंथरून गणवेशाला इस्त्री करतेय. इस्त्री फिरली रे फिरली की आई हाक मारी, "ये बबे, धाव, निवायच्या आत घाल!" आणि ती धावत जाऊन दोन्ही हात वर करी, आणि डोक्यावरून तो गरम फ्रॉक अंगावर उतरे, पाठीवर, काखेत, पोटावर, सगळीकडे एकदम. दादा ओरडे, हिला रोज आधी का? आई म्हणे, तिला जास्त थंडी वाजते. कोणी मोजून पाहिलं होतं तिला जास्त थंडी वाजते ते? आईनं म्हटलं म्हणून ती वाजत राहिली. त्या रात्री ती पांघरूण न घेता झोपली आणि स्वप्नं पडली नाहीत. सकाळी हीटर तसाच चालू ठेवून, कुलूप लावून, ती कामाला गेली. बोळात मालकीणबाई नव्हत्या. ठिपक्याकडे तिनं पाहिलं नाही.

प्रयोग एका दिवसात आटोपला. संध्याकाळी ती येऊन दार उघडते तोच मागून जिन्यावर पावलं वाजली, एक पाय टेकून दुसरा त्याच्याजवळ आणत वर येणारी, कारण मालकीणबाईंचे गुडघे गेलेले होते. वर त्या वर्षभरात दोनदासुद्धा आल्या नसतील. "ताई, बरं नाही का तुम्हाला?" त्या कठड्याला धरून धापा टाकत म्हणाल्या. "नाही म्हणजे, ठिपका काल संध्याकाळपासून जो धावतोय तो थांबायलाच तयार नाही. तुम्ही कामावर गेलात आणि तरी धावतोय! मी म्हटलं, शॉर्टबिर्ट झालं की काय." तोवर त्यांच्या तोंडावर खोलीतली ऊब आली आणि त्यांना हीटर दिसला. हीच ती वेळ होती. तिनं तोंडही उघडलं. "विसरले," ती म्हणाली. "रात्री थंडी वाजत होती. सकाळी घाईत बंद करायचा राहिला. चुकलंच माझं." मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हटलं! तुमच्यासारखं माणूस असं करायचं नाही. होतं कधी. मी माणूस बघूनच देते हो जागा. एकटी बाई, नोकरी करणारी, कोणाचं येणं नाही जाणं नाही. त्या मासेवाल्यानंतर मी कानाला खडाच लावला." असं म्हणत त्या स्वतः वाकल्या, एक हात गुडघ्यावर ठेवून, आणि हीटरचं बटण बंद केलं. नवऱ्यानं केलं असतं तर ती चिडली असती. इथं तिनं आभार मानले. त्या गेल्यावर लोखंड निवताना टिकटिक करत राहिलं, आणि ती स्वेटर घालून बसली. आता विचारणं पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं. आता आधी एक खोटं परत घ्यावं लागणार होतं.

दादाचा फोन आला की ती म्हणे, विचारते. एकदा दादानं फोन वहिनीकडे दिला. वहिनी मोठ्या आवाजात बोलणारी बाई, पण त्या दिवशी आवाज असा आला की तोंड उशीत आहे असं वाटावं. "वन्सं, खरं सांगू का? मला आईंचं काही जड नाही. त्या बिचाऱ्या मागतातच काय? पण मशीनचा आवाज जरा बदलला की मी ताडकन उठते, आणि मग बघत बसते, त्यांची छाती हलतेय ना. मला फक्त झोप हवीये हो. पंधरा दिवस म्हणा, महिना म्हणा. सलग झोप." मागे मशीन ऐकू येत होतं, दमानं ओढलेला श्वास आणि फुस्कन सोडलेला, आणि त्या आवाजावर वहिनीचं बोलणं नकळत ताल धरत होतं. "करते मी काहीतरी," ती शेवटी म्हणाली, आणि फोन ठेवून तशीच खाली गेली, चपला न घालता.

सुट्टीची दुपार होती. मालकीणबाई पडद्याला पट्टी लावत होत्या. निळं कापड यंत्रावरून घरंगळून जमिनीपर्यंत आलेलं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, एका दमात: आई, तिची फुफ्फुसं, दादा, वहिनी, मशीन, चोवीस तास. मालकीणबाईंनी टीप टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग भिंतीवर पाहिलं. "म्हणजे त्या दिवशी तो हीटर..." "हो," ती म्हणाली. "तेवढीच वीज लागते. म्हटलं, बघावं." "काय बघावं?" त्या खरंच न कळून विचारत होत्या. "अहो, विचारायचं ना मला," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. "मी काय खाते का माणसांना?" "जे जादा होईल ते मी देईन," ती घाईनं म्हणाली. "ते काढू नका. मी एकदा बोलले ते बोलले. आज तुम्ही देणार, उद्या मी म्हणणार कमी दिलंत, परवा तुम्ही म्हणणार मी मीटर बघते. मला नकोय ते म्हातारपणी." त्यांनी कापडाची घडी सरळ केली, परत केली. "पण राग मानू नका हं, ताई. मला एकटीला सगळं बघायचं असतं, वायरिंगही जुनं. साधारण किती दिवस?"

हा प्रश्न तिनं स्वतः किती वेळा कागदावर सोडवला होता. वस्तू कुठली, आत्ता किती उरलीय, कुठल्या वेगानं कमी होतेय. रेघ ओढायची आणि ती कुठं टेकते ते पाहायचं. डॉक्टर दादाला म्हणाले होते, काही सांगता येत नाही, अशी माणसं नीट जपली तर वर्ष-दोन वर्षंही काढतात, कधी अचानक होतं. रेघ नव्हतीच. नुसता पसरट डाग होता. "सांगता येत नाही," हे उत्तर होतं, आणि ते तिच्या जिभेवर आलंही. पण मालकीणबाई तिच्याकडे बघत होत्या, हात कापडावर, चाकाजवळ. त्यांना एक तारीख हवी होती आणि ती मिळाली तर त्या हो म्हणणार होत्या, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं. आणि तारीख द्यायची तर खालच्या टोकाची द्यायची असते. "फार नाही," ती म्हणाली. आवाज कामावरचा होता, सपाट. "उन्हाळ्याच्या आत."

मालकीणबाईंनी श्वास सोडला. तो हळहळीचा होता; त्यात दुसरंही काही होतं, आणि ते त्यांना स्वतःला कळलं नसावं. "अरेरे," त्या म्हणाल्या. "मग आणा हो. आणा त्यांना. आपल्या माणसापाशी असू देत. तेवढे दिवस काय, ठिपका धावला तर धावला." त्यांचे डोळे भरून आले होते. "टेकून बसावं लागत असेल ना त्यांना? मी पाठीला एक जाड उशी शिवून ठेवते. हेच कापड उरेल." "उपकार झाले तुमचे," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं. मनापासून वाटत होतं हेच तिला जिना चढताना सोसेना. आईचा मृत्यू तिनं सवलतीसारखा पुढे केला होता, आणि तो पटला होता. तो खोटाही नव्हता, खराही नव्हता. आता उन्हाळा लागला आणि आई तशीच पलंगावर टेकून बसलेली असली तर? खाली कोणी काही बोलणार नाही. आणि ती स्वतः? कॅलेंडरचं पान उलटताना आपल्या मनात काय येईल याची तिला आत्ताच भीती वाटू लागली. वर येऊन तिनं दार लावलं आणि फोन केला, कारण बसली असती तर केला नसता.

"विचारलंस?" दादा म्हणाला. "हो. चालेल म्हणाल्या." "बघ! उगाच जीव खात होतीस. एवढं सोपं होतं." त्यानं तिकडे कोणाला तरी ओरडून सांगितलं, भांडी वाजली, वहिनी काहीतरी म्हणाली आणि मध्येच हसली, कितीतरी दिवसांनी हसल्यासारखी, चिरकत. मग फोन आईकडे गेला. आधी नुसता श्वास आला, मशीनचा की आईचा ते कळेना.

"बबे," आई म्हणाली. दोन शब्दांमध्ये ती थांबत होती. "त्या बाईंना... त्रास नाही ना ग व्हायचा?"

"नाही. मी बोलले त्यांच्याशी."

"चांगल्या आहेत?"

"चांगल्या आहेत."

"मग मी... आवरायला घेते. वहिनी देईल भरून." आवाजात एक लगबग आली होती, सहलीला निघालेल्या मुलीची असावी तशी. "स्वेटर घेतेच. शाल घेते. आणि हे बघ, उन्हाळ्याचे कपडे पण... आत्ताच आणू ना? पुन्हा दादाला खेप नको."

तिनं खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं. काच गार होती.

"आण," ती म्हणाली. "सगळे आण."